पोटखराब्यात कोण राहतं?

आजचा भाग कोळ्यांवर आहे. ज्यांना कोळी बघून किळस येते त्यांनीही थांबा, कारण हा भाग खरं तर जमिनीवर आहे.

सातबारा कधी नीट वाचलाय? त्यावर लागवडीचं क्षेत्र असतं आणि एक रकाना असतो, पोटखराब. म्हणजे ज्यात पीक घेता येत नाही अशी जागा. खडक, ओढ्याचा काठ, उतार, गवताचा तुकडा. आमच्या कामथडीत, पुणे-सातारा रस्त्याच्या दोन्ही अंगांना, अशी जमीन भरपूर आहे. गावात कोणालाही विचारा, "तिथं वर काय आहे?" उत्तर एकच, "काही नाही, नुसतं गवत." त्यामुळे त्या जागेचं काहीही केलं तरी नुकसान झालं असं कोणाला वाटत नाही. प्लॉट पाडा, मुरूम काढा, पेटवून द्या, नाहीतर एखाद्या रविवारी झाडं लावा.

हे "काही नाही" कितपत खरं आहे, ते तपासायचं एक स्वस्त साधन म्हणजे कोळी. स्वस्त म्हणतोय कारण त्याला कॅमेरा ट्रॅप लागत नाही, दुर्बीण लागत नाही. एक टॉर्च आणि थोडी चिकाटी पुरते.

आधी थोडे आकडे. जगभरात नोंदलेल्या कोळ्यांच्या जातींनी २०२२ मध्ये ५०,००० चा टप्पा ओलांडला. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या म्युझियममधून चालणाऱ्या वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये ही मोजदाद होते. भारतातल्या जाती अठराशेच्या वर आहेत. आणि यातले जवळपास निम्मे कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाहीत! मराठीत जाळं टाकून मासे धरणाराही कोळी आणि जाळं विणून माश्या धरणाराही कोळी, म्हणून आपल्या डोक्यात कोळी म्हटलं की जाळंच येतं. प्रत्यक्षात कोणी दबा धरून बसतं, कोणी उडी मारतं, कोणी पळत जाऊन पकडतं, कोणी बिळाला दार लावून आत वाट बघतं.

पुण्याचा तर यात जुना वाटा आहे. बी. के. टिकादर हे भारतीय कोळ्यांवरचं मोठं नाव. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पुण्याच्या केंद्रात त्यांनी काम केलं, पुढे ते सर्व्हेचे संचालक झाले. त्यांचं 'हँडबुक ऑफ इंडियन स्पायडर्स' १९८७ चं आहे, अजून वापरलं जातं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या काही कोळ्यांच्या नावात चक्क पुणं आहे, उदाहरणार्थ लायकोसा पूनाएन्सिस, निओस्कोना पूनाएन्सिस. पैकी लायकोसा हा जमिनीवर पळणारा, निओस्कोना गोल जाळं विणणारा. दोघांच्या नावात एकच शहर, पण राहायची तऱ्हा अगदी वेगळी.

आता एक रस्ता डोळ्यासमोर आणा. कामथडीतून निघायचं, चेलाडी फाट्यावरून नसरापूर, तिथून वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका, आणि पुढे केळदवरून मढे घाट. पन्नासेक किलोमीटर. या अंतरात पाऊस कितीतरी पटींनी वाढतो. महामार्गाजवळ कोरडे उघडे माळ आणि घाटमाथ्यावर धो धो पाऊस अन् दाट रान. बाईकवरून दीड तासात तुम्ही चार-पाच वेगवेगळ्या जगांतून जाता, आणि प्रत्येक जगातले कोळी वेगळे.

घरातले लवकर उरकतो. कोपऱ्यात लांब काटकुळ्या पायांचा, हात लावला की जाळ्यात थरथर हलणारा, तो फोल्सिड. भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा, मोठ्या डोळ्यांचा, तो उड्या मारणारा कोळी. आणि रात्री बाथरूममध्ये हाताच्या पंजाएवढा पसरलेला, ज्याला बघून किंचाळतात, तो हंट्समन. तो झुरळं खातो. अंगावर जळजळणारे फोड आले की "कोळी फिरला असेल" म्हणायची पद्धत आहे. पावसाळ्यात असे चट्टे बऱ्याचदा पेडेरस नावाच्या एका बारीक लांबुडक्या किड्यामुळे येतात, तो अंगावर चिरडला की त्यातल्या विषानं. कोळ्याचा त्यात हात नसतो. आठ पाय आहेत, पण हात नाही.

भाताच्या खाचरात थांबू, कारण इथं पैशाचा प्रश्न आहे.

लावणी होऊन काही दिवस झाले की खाचराच्या पाण्यावरून एक तपकिरी कोळी पळताना दिसतो. पाण्यावर! हा पार्डोसा स्यूडोअॅन्युलाटा, लांडगा कोळ्यांच्या कुळातला. हा जाळं विणत नाही. तपकिरी तुडतुडे हे त्याचं आवडतं खाणं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या माहितीनुसार एक कोळी दिवसाला पाच ते पंधरा तुडतुडे खातो. त्याच्याच वर, पानांच्या मधे, टेट्राग्नाथा नावाचा बारीक लांब कोळी आडवं जाळं लावून बसलेला असतो. पाय पुढेमागे ताणून तो पानाला असा चिकटतो की पानाची शीर वाटावा. एकाच चौरस मीटरमध्ये खालच्या मजल्यावर एक पहारेकरी, वरच्या मजल्यावर दुसरा.

आता यात काय बिघडतं बघा. तुडतुडे दिसले, घाबरून सगळं मारणारं औषध मारलं. उघड्यावर फिरणारे कोळी आधी मरतात. तुडतुड्याची अंडी मात्र भाताच्या पानाच्या खोळीत, पेशींच्या आत असतात, औषध तिथं पोचत नाही. अंडी फुटतात, पिल्लं बाहेर येतात आणि त्यांना खायला आता कोणीच नाही. आठ-पंधरा दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त तुडतुडे. मग पुन्हा फवारणी. आग्नेय आशियात १९७० आणि ८० च्या दशकांत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. पीटर केनमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलिपिन्सच्या खाचरांत हे दाखवून दिलं आणि १९८६ मध्ये इंडोनेशियानं भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरावर बंदी घातली. एका देशानं कृषी धोरण बदललं, आणि त्यामागच्या कारणांत एक मोठं कारण कोळी होता. भोर-वेल्ह्याचा अख्खा पट्टा भातावर जगतो, म्हणून हे सांगतोय.

पण मुद्दा पुढे आहे. भात कापला, खाचर सुकलं, मग हे कोळी जातात कुठं? बांधावर. बांधावरचं गवत, दगडांच्या फटी, कुंपणाची झुडपं. पुढच्या पावसाळ्यात तिथूनच ते परत खाचरात उतरतात. बांध तणनाशकानं पिवळाधमक केला किंवा जेसीबीनं घासून सरळ केला की पहारेकऱ्यांची खोलीच पाडली. बांध म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत उत्पन्न न देणारी जागा.

त्याच बांधावरच्या बोरीला किंवा बाभळीला मळकट, धुळीनं भरलेला जाळ्याचा गोळा दिसतो ना, काटक्या-पानं अडकलेला? आपल्याला तो कचरा वाटतो. ते स्टेगोडायफस सॅरासिनोरम या सामाजिक कोळ्यांचं घर आहे. कोळी म्हणजे एकटा राहणारा, दुसरा दिसला की खाणारा असा आपला समज. इथं मात्र एका घरट्यात डझनांनी, कधी शेकड्यांनी कोळी एकत्र राहतात. जाळ्यात मोठा नाकतोडा अडकला की चार-पाच जणी बाहेर येऊन त्याला ओढत आत नेतात. पिल्लांना आई आधी पोटातून काढून भरवते आणि शेवटी पिल्लं आईलाच खाऊन टाकतात. रूपक नाही, खरोखर. असं सामाजिक जगणं जगातल्या पन्नास हजारांपैकी मोजक्याच जातींत आहे, आणि त्यातली एक आमच्या गावातल्या बाभळीवर लटकते. जंगलात हे घरटं शोधायला जाल तर हात हलवत परत याल. याला कोरडं, काटेरी, उघडं माळरानच लागतं.

माळावर चला. पाऊस ओसरला की नवरात्राच्या आसपास पहाटे दव पडतं. तेव्हा माळावर गेलात तर गवतात जागोजागी पांढऱ्या रुमालासारखी जाळी पसरलेली दिसतात. प्रत्येक रुमालाच्या कडेला नरसाळ्यासारखं एक भोक. त्या भोकात हिप्पासा बसलेली असते. दव उडालं की रुमाल दिसेनासे होतात, पण असतात तिथंच. दुपारी येऊन "नुसतं गवत" म्हणणाऱ्याचा दोष नाही, त्याची वेळ चुकली एवढंच.

रात्रीचा माळ तर अजून वेगळा. मोबाईलचा टॉर्च छातीशी न धरता डोळ्यांच्या रेषेत, कानशिलाजवळ धरा आणि जमिनीकडे बघा. गवतात हिरवट-पांढरे ठिपके चमकायला लागतात. दवाचे थेंब वाटतात, पण जवळ गेलं की काही ठिपके पळतात. लांडगा कोळ्यांच्या डोळ्यांत मांजरासारखा प्रकाश परतवणारा थर असतो. पाठीवर पिल्लं घेऊन फिरणारी मादी भेटली तर ठिपक्यांचा झुबकाच दिसतो. पावसाळ्यानंतर एक चक्कर मारा, पायात बूट घालून, कारण माळावर फुरसंही असतं. त्या ठिपक्यांनंतर "काही नाही" म्हणणं अवघड जातं.

आणि मग देवराई. वेल्हे, मुळशी, भोर या भागांत अजून देवराया टिकून आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून त्यांची शास्त्रीय नोंद आहे. आत शिरलं की प्रकाश कमी, खाली पाचोळ्याचा थर, वर उंच झाडं. इथं दोन झाडांच्या मधे मीटरभर रुंदीचं सोनेरी झाक असलेलं जाळं, त्यात नेफिला. मादीचं अंग चार-पाच सेंटिमीटर, नर इतका चिमुकला की लोक त्याला तिचं पिल्लू समजतात. खोडाच्या सालीवर हर्सिलिया, इतकी चपटी आणि सालीच्या रंगाची की ती हलल्याशिवाय दिसत नाही. नेफिलाला दोन उंच आधार आणि मधे मोकळी हवा लागते. हर्सिलियाला जुनं खरबरीत खोड. माळावर यातलं काहीच नाही.

म्हणजे कोळ्याला "जंगल चांगलं, माळ वाईट" असं काही कळत नाही. त्याला आकार कळतो. दोरी कुठं बांधता येते, लपता कुठं येतं, किती ऊन लागतं. १९८० मध्ये हॅटली आणि मॅकमहॉन यांनी अमेरिकेतल्या यूटामध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. रानातल्या झुडपांपैकी काहींच्या फांद्या त्यांनी एकत्र बांधून झुडूप दाट केलं, काहींच्या छाटून विरळ केलं, काही तशीच ठेवली. झुडूप तेच, जमीन तीच, हवा तीच. बांधलेल्या दाट झुडपांत कोळ्यांच्या जाती वाढल्या. फक्त आकार बदलला आणि राहणारे बदलले. म्हणून कोळ्यांची यादी वाचून त्या जागेची ठेवण कशी आहे याचा अंदाज बांधता येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिमची लॉग फाइल.

इथं इंजिनिअर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. समजा, एका देवराईत ६० जाती मिळाल्या आणि शेजारच्या माळावर ४०. हे आकडे नुसते उदाहरणाला घेतलेत. बहुतेक जण म्हणतील, देवराई जास्त श्रीमंत, ती वाचवा, माळ गेला तरी चालेल. पण विचारायचा प्रश्न वेगळा आहे. दोन्हींत सामाईक किती? सामाईक फक्त १० असतील तर माळ गेल्यावर तुम्ही ३० जाती गमावता, ज्या देवराईत नाहीतच. ६० मोठा की ४० मोठा हा प्रश्नच चुकीचा. दोन सेट आहेत, त्यांचा युनियन बघा. दोन-तीन तासांच्या अंतरात खाचर, बांध, माळ, ओढा, देवराई असं सगळं शाबूत असणं ही भोर-वेल्ह्याची खरी श्रीमंती आहे, आणि ती एकेका तुकड्याची गुणपत्रिका काढून कधीच दिसणार नाही.

आता वृक्षारोपणाकडे येतो, आणि इथं काही जण नाराज होतील.

दर जूनमध्ये पुण्याकडून बसेस येतात. टी-शर्ट, बॅनर, फोटो. उतारावरच्या गवतात ओळीनं खड्डे खणले जातात, रोपं लावली जातात. भावना चांगली असते, मला मान्य आहे. पण ज्या जागी मुळात झाडं नव्हती, गवतच होतं, तिथं खड्डे कशासाठी? पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया म्हणजे गिरिपुष्प किती लावलाय ते फिरायला जाणाऱ्या कोणालाही दिसतं. त्याच्या सावलीत माळाचं गवत मागे हटतं, मग हिप्पासा राहणार कुठं? आणि देवराईतली हर्सिलिया तिथं येणारही नाही, कारण दहा वर्षांच्या ग्लिरिसिडियाला जुन्या झाडाचं खोड नसतं. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी उपग्रहचित्रांवरून देशातल्या अशा कोरड्या, उघड्या नैसर्गिक परिसरांचा नकाशा केला. देशाच्या सुमारे १० टक्के जमीन अशी आहे, आणि तिचा मोठा भाग सरकारी नकाशात "वेस्टलँड" आहे. पोटखराबचा राष्ट्रीय अवतार!

"कोळी काय, परत येतील" असं कोणी म्हणेल. काही येतात, हे खरंय. बरेच कोळी लहानपणी एखाद्या टोकावर चढून रेशमाचा धागा सोडतात आणि हवेत उडून जातात. १८३२ मध्ये डार्विनचं बीगल जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून साठेक मैल समुद्रात असताना जहाजाच्या दोरांवर हजारो बारीक कोळी येऊन पडले होते. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटून बेट जळून खाक झालं, आणि नऊ महिन्यांनी तिथं गेलेल्या मोहिमेला जो एकमेव जिवंत प्राणी सापडला तो एक कोळी होता. अशांची काळजी नको. बांधकाम संपलं की सहा महिन्यांत ते तुमच्या नव्या फ्लॅटच्या गॅलरीत हजर.

पण सगळे उडत नाहीत. झाकणवाले कोळी म्हणजे ट्रॅपडोअर स्पायडर, आणि बिळात राहणारे टॅरॅन्टुला, यांचं गणित उलटं. जमिनीत, बहुधा उताराच्या किंवा पायवाटेच्या कडेच्या घट्ट मातीत, मादी बीळ खणते. झाकणवाली मादी त्याला माती आणि रेशमाचं बिजागरीचं दार लावते आणि शक्यतो आयुष्यभर तिथंच राहते. यातल्या बहुतेकांची पिल्लं आईच्या बिळापासून थोड्याच अंतरावर स्वतःचं बीळ करतात. ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेनं १९७४ मध्ये अशा बिळांवर नंबर टाकून पाहणी सुरू केली. त्यातली सोळा नंबरची मादी २०१६ पर्यंत त्याच बिळात होती. ४३ वर्षं! शेवटी एका परजीवी गांधीलमाशीनं दाराला भोक पाडून तिला मारलं.

आपल्या झाकणवाल्यांचं वय इतकं असतं असं मी म्हणत नाही. पण जगण्याची रीत तीच. अशा उतारावर ओळीनं खड्डे मारले किंवा जेसीबी फिरवला, तर उडून परत येणारं कोणी नाही. वणव्यात खोल बिळातले कदाचित वाचतात, गवतातली अंड्यांची पिशवी वाचत नाही. खोदकामात मात्र बिळच जातं. त्यामुळे एखाद्या उतारावर झाकणाची बिळं सापडली तर त्याचा अर्थ होतो की ही माती बऱ्याच वर्षांत कोणी हलवलेली नाही. सरकारी कागदावर हे कुठंच लिहिलेलं नसतं.

मुंबईच्या आरेचं उदाहरण आठवा. कागदावर ती दूध कॉलनी. कारशेडच्या वादात "ते जंगल आहे की नाही" यावर रणं माजली. त्याच आरेतून २०१० मध्ये विंचवाची नवी जात वर्णन झाली आणि तिचं नावच लायकस आरेएन्सिस ठेवलं गेलं. २०२१ मध्ये ध्रुव प्रजापती, राजेश सानप आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या. त्यातल्या एकीचं नाव आयसियस तुकारामी, कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून. मुंबई-ठाण्यासारख्या गर्दीच्या पट्ट्यात २०२१ पर्यंत एक अख्खी जात बिननावाची होती. मग कामथडीच्या माळावर काय काय बिननावाचं असेल याचा विचार करा.

आता तुमच्या हातातल्या फोनबद्दल. फोटो काढून आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका. तीन फोटो हवेत. वरून, समोरून डोळ्यांचा, आणि जाळ्याचा किंवा बिळाचा. सोबत जागा कशी आहे ते लिहा. बांध, माळ, ओढा, गोठा. ही एक ओळ लोक लिहीतच नाहीत आणि तीच सगळ्यात उपयोगी. ॲप जे नाव सुचवेल त्यावर लगेच टिक करू नका. मॉडेल जे फोटो बघून शिकलंय तेच ओळखतं, आणि त्यात आपल्याकडचे कोळी कमी. बऱ्याच कोळ्यांची जात तर सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. कुळापर्यंत ओळखलंत तरी नोंद कामाची आहे.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. टॅरॅन्टुला सापडला तर नेमकं ठिकाण उघड करू नका. झाडांच्या ढोलीत राहणारे आपले पोइसिलोथेरिया दिसायला देखणे, म्हणून परदेशी पाळीव प्राण्यांच्या बाजारात त्यांना भाव आहे. २०१९ मध्ये हा अख्खा वंश सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतला, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं. पण चोराला करार वाचायची गरज नसते, त्याला लोकेशन पुरतं. ॲपमध्ये ठिकाण धूसर करायची सोय आहे, ती वापरा. मूळ फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर आत जीपीएस तसंच जातं, हेही लक्षात ठेवा.

आणि ग्रामपंचायतीत जाऊन लोक जैवविविधता नोंदवही मागा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि ही नोंदवही असायला हवी. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत देऊन दंडाचा इशारा दिला, तेव्हा देशभर नोंदवह्या भराभर तयार झाल्या. आपल्या गावाची उघडून बघा. आंबा, जांभूळ, मोर, ससा सापडतील. कोळ्याचं पान बहुधा कोरं असेल, किंवा नसेलच. नोंदवहीत भर घालता येते, त्यासाठी समितीकडे जायचं. माळाचा गट नंबर, तारीख, फोटो, काय दिसलं ते. उद्या त्या गटावर प्लॉटिंगचा किंवा वृक्षारोपणाचा ठराव आला, तर ग्रामसभेत "तिथं काही नाही" या वाक्यासमोर ठेवायला निदान एक कागद असेल.

फोटो काढताना बिळाचं दार मात्र काडीनं उघडू नका. ते नीट लागलं नाही तर आतल्या मादीला रात्रभर जागून दुरुस्ती करावी लागते.

भेटू पुढच्या भागात.